खांब स्थिर असावा की फिरता

वाचकांच्या सेवेशी प्रारंभीच निवेदन करण्यात येते की, पुढील कथेत दहिसर येथील एका विवाहित स्त्रीने एका पोलादी खांबाविषयी घ्यावयाच्या निर्णयाचा, त्या निर्णयापायी तिच्या जिवाची जी उलघाल झाली तिचा, आणि ऐन दसऱ्याच्या सकाळी घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या हातून प्रेमापोटी घडलेल्या एका चुकीचा वृत्तान्त यथाक्रम येणार आहे. ‘पोल डान्स’ हे शब्द कानी पडताच ज्यांच्या मनश्चक्षूंपुढे भलतेच काही उभे राहत असेल, त्यांनी ते क्षणभर दाराबाहेर चपलांजवळ ठेवावे आणि मग आत यावे. आत एक स्त्री आहे, एक खांब आहे आणि घाम आहे. यापरते काही नाही.

जयंती परब ही अडतीस वर्षांची स्त्री. बोरिवलीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ती चौदा वर्षे स्वागतकक्षात बसत आली होती. येणाऱ्याचे नाव लिहावे, त्यास बाकावर बसवावे आणि वेळ आली की ‘पुढचे कोण?’ असे विचारावे, हे तिचे नित्यकर्म. अडीच वर्षांपूर्वी तिचा उजवा खांदा धरला. व्यायाम करा, असे डॉक्टरांनी सांगितले. व्यायामाच्या शोधात ती अंधेरीतील दिशा नामक तरुणीच्या वर्गात जाऊन पोहोचली, आणि तेथील पोलादी खांबास तिने जो हात घातला तो आजतागायत सोडला नव्हता. खांदा केव्हाच सुटला होता. खांब सुटत नव्हता.

आता ही दिशा दहिसरला नवा वर्ग उघडणार होती. अंधेरी सोडून तिला स्वतःला तेथे जाणे शक्य नव्हते, म्हणून शिकवण्यासाठी तिला आपल्या शिष्यांतलेच एक माणूस हवे होते. नावे दोन उरली होती. एक जयंती आणि दुसरा धवल नावाचा सव्वीस वर्षांचा बोरिवलीचा मुलगा. दसऱ्याच्या दिवशी सकाळी अकरा वाजता दोघांनी तीन तीन मिनिटे खांबावर आपले कसब दाखवावे, आणि दिशाने त्यांतून एकास निवडावे, असे ठरले होते.

अट एकच होती. खांब कोणता, स्थिर की फिरता, हे ज्याचे त्याने आदल्या दिवशी संध्याकाळी आठपर्यंत कळवायचे.

येथे वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. स्थिर खांब जागचा हलत नाही. माणसाने दोन पावले चालावे, झोका घ्यावा आणि स्वतःच्या जोरावर त्याच्याभोवती फिरावे. जोर संपला की फेरी संपली. फिरत्या खांबाचे शास्त्र निराळे. त्याच्या पोटात बेअरिंग असते. मुठी जिथल्या तिथे घट्ट राहतात आणि खांबच माणसाला घेऊन फिरतो. हातपाय जवळ घेतले की वेग वाढतो, पसरले की मंदावतो. पाहणाऱ्यास वाटते, वा, काय सहज चालले आहे! परंतु वर जो असतो त्यास तो खांब क्षणोक्षणी बाहेर फेकू पाहतो, आणि सवय नसल्यास अशी भोवळ आणतो की जमीन कोणती आणि छत कोणते हे उमगू नये.

जयंतीच्या घरी, दिवाणखान्यात, एका गृहस्थाकडून जुना घेतलेला असा खांब होता. त्याच्या तळाशी एक बारीक स्क्रू होता. तो आवळला की खांब स्थिर, आणि सैल केला की फिरता. त्या स्क्रूने त्या आठवड्यात जे सोसले ते कोणत्याही स्क्रूने सोसले नसेल. जयंती सकाळी दूध तापत ठेवी आणि स्क्रू सैल करी. दूध उतू जाण्याच्या आत तो पुन्हा आवळी. कामावरून आली की पर्स खांद्यावर तशीच ठेवून खाली बसे आणि पुन्हा सैल करी.

“अगं, आटे जातील त्याचे,” तिचा नवरा सुबोध म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक होता, आणि कोणत्याही यंत्राचा असा छळ त्यास पाहवत नसे. “एक तर घट्ट ठेव, नाही तर सैल. दिवसातून दहा वेळा काय लावलंयस?”

“मग तूच सांग ना, कुठला घेऊ?”

“मी काय सांगू? मला विचारशील तर बेअरिंग चांगलंय. जर्मन आहे. वापरून घे.”

“म्हणजे बेअरिंग चांगलं म्हणून मी फिरत्यावर चढू?”

“मग बेअरिंग वाईट असतं तर चढली असतीस का?”

कोपऱ्यातील खुर्चीवर सुबोधचे वडील सहदेव बसले होते. वय एकाहत्तर, गिरणीत तीस वर्षे साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, काढलेली, आणि तरुणपणी चाळीच्या व्यायामशाळेत मल्लखांबाचे नावाजलेले खेळाडू. सुनेच्या या छंदाची त्यांनी कधी टिंगल केली नव्हती. उलट तिने एकदा खांबाला पायांची मिठी मारून दोन्ही हात सोडले, तेव्हा ते टाळी वाजवून ओरडले होते, “अढी! अगो, ही तर आमची अढी!” तथापि खांब फिरतो ही गोष्ट मात्र त्यांच्या पचनी पडली नव्हती.

“खांब म्हणजे कसो होयो? हलता नये!” ते म्हणाले. “माणसान फिराचा, खांबान नाय. खांबच फिराक लागलो तर तो खांब कसलो गो? तो रहाट झालो!”

“बाबा, आता सगळे फिरत्यावरच करतात. धवल पण फिरत्यावरच करणार.”

“करूंदे. तू कित्याक त्याच्या मागसून जातंस?”

जयंतीने स्क्रू आवळला. सासऱ्यांचे म्हणणे तिला पटले होते. स्थिर खांबावर तिचा हात पक्का होता. चढणे, उलटे होणे, पायांवर तोलून राहणे, यांत वर्गात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तिने दिशाला फोनवर लिहिले, ‘स्थिर.’ तो सोमवार होता.

मंगळवारी वर्गात तिने धवलला फिरत्या खांबावर पाहिले. एवढा उंच मुलगा, पण हातपाय पसरून असा अलगद फिरत होता की जणू त्याला कोणी वरून सोडले असून जमिनीवर यायची त्याला मुळीच घाई नाही. रिक्षात बसताच तिने लिहिले, ‘फिरता.’ बुधवारी दुपारी दवाखान्यात बसल्या बसल्या तिला नुसत्या आठवणीनेच भोवळ आली, आणि तिने लिहिले, ‘स्थिरच बरा.’ त्या दिवशी तिचे चित्त इतके ठिकाणावर नव्हते की, मोतीबिंदूच्या आजोबांना तिने चष्म्याच्या खोलीत आणि चष्म्याच्या मुलीला मोतीबिंदूच्या खोलीत पाठवले, आणि दोघांपैकी कोणीही तक्रार करीना तेव्हा तर ती अधिकच घाबरली. बुधवारी सायंकाळी तिने दिशाला पुन्हा लिहिले, ‘फिरता चालेल का?’

दिशाचे उत्तर तत्काळ आले. ‘जयंती, हे हॉटेल नाहीये. एकदाच ऑर्डर दे.’ आणि त्याखाली, थोड्या वेळाने, ‘शेवटचं उद्या आठपर्यंत. त्यानंतर बदललंस तर मी समजेन की तुला दहिसर नकोय. मला शिकवायला माणूस हवाय, भोवरा नको.’

ते वाचून जयंती स्वयंपाकघरात उभीच राहिली. दहिसर नको! चौदा वर्षे तिने दुसऱ्यांना आत सोडले होते. कोणीतरी तिच्यापुढे उभे राहून ‘आता काय करू?’ असे विचारावे, आणि त्याचे उत्तर तिला ठाऊक असावे, ही एवढीच इच्छा तिने मनाच्या तळाशी जपली होती. ती इच्छा तिने सुबोधलाही शब्दांत सांगितली नव्हती. सांगितली की ती लहान होईल, असे तिला वाटे.

इकडे त्याच सायंकाळी खाली इमारतीच्या फाटकाशी एक निराळाच प्रसंग घडला. तिसऱ्या मजल्यावरच्या माधुरीने सहदेवांना बाजूस घेतले आणि आवाज खाली आणून विचारले,

“काका, रागावू नका हं. पण विचारते. सुबोध… हात उचलतो का हो जयंतीवर?”

“काय?”

“नाही, म्हणजे तिच्या दंडावर केवढे वळ! परवा लिफ्टमध्ये बघितले. पोटरीवर पण निळंकाळं. मी म्हटलं, एवढा गरीब पोरगा, पण माणसाचं काय सांगता येतं?”

“अगो, तो मेलो झुरळाक मारूक दुसऱ्याक हाक मारता!” सहदेव म्हणाले. “ते खांबाचे वळ आसत.”

“खांब मारतो होय तिला,” माधुरी म्हणाली, आणि ज्या नजरेने ती त्यांच्याकडे पाहू लागली, त्या नजरेत विश्वासाचा लवलेश नव्हता.

सहदेव वर आले ते विचारमग्न होऊन. सून ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिच्या दंडावरचे निळसर डाग त्यांनी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिले. पोलादावर कातडे दाबून धरले की ते असे व्हायचेच, हे वर्गातील प्रत्येकास ठाऊक होते आणि त्याचे कोणास काही वाटत नव्हते. परंतु सहदेवांच्या आयुष्यातील खांब शिसवी लाकडाचा होता. त्यांच्या मांड्यांवर असे डाग कधी उठले नव्हते, आणि ते का उठले नव्हते याचे उत्तर त्यांना तोंडपाठ होते.

गुरुवार, दसऱ्याचा आदला दिवस. जयंतीने अर्धी रजा काढली आणि वर्गात जाऊन एकटीने फिरता खांब धरला. दिशा कोपऱ्यात पाणी पीत बसली होती. जयंती फिरू लागली, दोन फेऱ्यांत तिचे तोंड पांढरे पडले.

“भिंतीकडे कशाला बघतेस?” दिशा बसल्या जागेवरून म्हणाली. “भिंत पळणारच. स्वतःच्या हाताकडे बघ. तो तुझ्याबरोबरच फिरतोय.”

जयंतीने आपल्या मुठीकडे पाहिले. आणि काय आश्चर्य! भोवताली सारे धूसर होऊन वाहत होते, परंतु मूठ जागची हलत नव्हती. त्या मुठीवरील शीर, अंगठीखालचा पांढरा पट्टा, सारे स्वच्छ. तिने एक पाय लांब केला, वेग मंदावला. जवळ घेतला, वेग वाढला. आजवर ती खांबाला ओढत होती. आज खांब तिला नेत होता, आणि कुठे न्यायचे ते तीच सांगत होती. खाली उतरली तेव्हा तिला भोवळ आली नाही, रडू मात्र आले, आणि ते घाम पुसण्याच्या निमित्ताने तिने टॉवेलात पुसले.

सात वाजून छप्पन्न मिनिटांनी तिने लिहिले, ‘फिरता. पक्का.’

दिशाने अंगठा पाठवला.

त्या सायंकाळी जयंती चार माणसांचा स्वयंपाक करून बसली. घरात माणसे तीनच होती.

दसऱ्याची सकाळ उजाडली. जयंती उठून दिवाणखान्यात आली तो सुबोध पाटावर आपली हत्यारे मांडीत होता. पाने, पक्कड, टेस्टर, ग्रीसचा डबा, सारे पुसून ओळीने ठेवले होते आणि प्रत्येकास हळदकुंकू लावले होते. आणि खांब! खांबाला छातीएवढ्या उंचीवर झेंडूची माळ बांधली होती, मधोमध कुंकवाचा टिळा होता, पायथ्याशी नारळ आणि आपट्याची पाने होती.

“हे कोणी केलं?” तिने विचारले.

“बाबांनी. पाचला उठलेत,” सुबोध म्हणाला. “आता आंघोळीला गेलेत. मला म्हणाले, तुझ्या हत्यारांत तिचं पण हत्यार धर.”

या घरात कोणी तिच्या खांबाला हत्यार म्हटले नव्हते. तिने नमस्कार केला, माळ हळूच सोडून वर बांधली, आणि अंग मोकळे करावे म्हणून व्यायामाची आखूड चड्डी घालून ती परत आली. खांब लखलखत होता. पोलाद लखलखते, त्यात नवल ते काय? तिने दोन्ही हातांनी खांब धरला, उडी घेऊन मांड्यांत आवळला, आणि…

आणि पुढच्या क्षणी ती नारळासह जमिनीवर बसलेली होती. मधे काय झाले हे तिला कळलेच नाही. कंबरेतून कळ निघाली. तिने तळहात पाहिले. ते चमकत होते.

“तेल?” ती पुटपुटली. मग ओरडली. “सुबोध! खांबाला तेल आहे!”

न्हाणीघराचे दार उघडून सहदेव पंचा गुंडाळतच बाहेर आले. “लागला काय गो? खय लागला?”

“बाबा, तुम्ही तेल लावलंत?” सुबोधने विचारले.

“एरंडेल. दसऱ्याक आम्ही मल्लखांबाक न्हाऊ घालू, एरंडेल चोपडू, मगे पूजा. तेल असला की कातडा सोलवटत नाय. माका वाटला, तिचे वळ…”

“अहो बाबा, ते लाकूड होतं! हे स्टील आहे! हिला कातड्याच्या जोरावर धरायचं असतं!” सुबोधचा आवाज चढला. “आज तिची परीक्षा आहे आणि तुम्ही… वाट लावलीत! मानेवर पडली असती तर?”

“सुबोध, गप,” जयंती जमिनीवरूनच म्हणाली. “आधी मला डाळीचं पीठ दे.”

पुढचा तासभर त्या घरात जे चालले ते पाहून दसऱ्याऐवजी नरकचतुर्दशी असल्याचा भास कोणासही व्हावा. जयंतीने हात, दंड, मांड्या, पोटऱ्या डाळीच्या पिठाने चोळल्या, साबणाने धुतल्या, पुन्हा पीठ लावले. पाण्याने तेल गेल्यासारखे वाटे आणि कातडे वाळले की पुन्हा तुकतुकीत दिसे. एरंडेल हे तेल मोठे चिवट. ते रंध्रांत शिरले म्हणजे पाहुण्यासारखे आपल्या सोयीने निघते. तिकडे सुबोधला फोन आला की बोरिवलीच्या एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आहे. तो हत्यारांवरचे कुंकू पुसत पुसतच धावला.

जयंती निघाली तेव्हा सहदेव दारात चपला घालून उभे होते.

“बाबा, तुम्ही कुठे?”

“येतंय.”

“कशाला?”

“माका घरात बसवणा नाय,” ते म्हणाले, आणि लिफ्टचे बटण दाबू लागले. ते तीनदा दाबूनही त्यांचे समाधान होईना.

रिक्षाला झेंडूच्या माळा होत्या. हायवेवर वाहने मुंगीच्या पावलांनी सरकत होती. जयंती एकदा तळहात मांडीवर घासे, एकदा ओढणीला पुशी, एकदा खिडकीबाहेर धरी. तिचा गुडघा अखंड हलत होता. शेजारी सहदेवांचाही गुडघा हलत होता.

तिच्या मनात एकच विचार घोळत होता. स्थिर खांबावर झोका घेताना मूठ खांबाभोवती सरकतच असते, थोडे तेल असले तर ती फारतर अधिक सरकेल. परंतु फिरत्या खांबावर मूठ घट्ट राहिली नाही, तर खांब माणसाला गोफणीतल्या धोंड्यासारखा भिरकावून देतो. कालचा तो क्षण, ती स्थिर मूठ, तो आज मिळणार नव्हता. शहाणपण म्हणाले, बदल. पण बदलावे तर दिशाचे शब्द आडवे येत. पाच वेळा लिहून कळवणारी बाई सहाव्यांदा बदलू लागली, तर तिचे कोण ऐकणार? आणि कारण सांगावे, तर शेजारी बसलेल्या या म्हाताऱ्या माणसाची चारचौघांत शोभा होणार. खांबाला तेल लावले, असे सांगितले तर त्या वर्गात सहा महिने हसतील. तिने सहदेवांकडे पाहिले. ते आपल्या टोपीची घडी करत होते आणि मोडत होते.

वर्गात दिशा, धवल आणि ते दोघे, एवढीच माणसे होती. सहदेव दारापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. प्रथम धवलची पाळी झाली. त्याचे वर्णन काय करावे? तो फिरत्या खांबावर वर गेला, उलटा झाला, हात सोडले, पाय फाकले आणि तीन मिनिटे पाहणाऱ्यांचा श्वास वरच्या वर ठेवून खाली आला. सहदेवांनी नकळत मान डोलावली, आणि मग आपण सुनेच्या प्रतिस्पर्ध्यास दाद दिली हे लक्षात येऊन ती थांबवली.

“ताई, ये. फिरता ना?” धवल घाम पुसत म्हणाला. “स्क्रू लूजच ठेवलाय तुझ्यासाठी. मक्खन चाललाय.”

जयंतीने हातांना पांढरी भुकटी चोळली. तळवे कोरडे वाटले. मांडीवर बोट दाबून ओढले, ते घसरत गेले. तिने खांब धरला आणि सोडला.

“दिशा, मला बदलायचंय. स्थिर हवा.”

दिशाने हातातला मोबाइल खाली ठेवला. “पुन्हा?”

“हो.”

“हद्द आहे यार, ताई,” धवल हसून म्हणाला. “तुला लग्नाला किती मुलं दाखवली होती?”

“धवल, गप बस. जयंती, कारण?”

जयंतीची नजर दाराकडे गेली आणि परत आली. “कारण आहे. सांगत नाही.”

“मी परवा काय लिहिलं होतं, वाचलंस ना?”

“वाचलं.”

“मग मी काय समजू?”

“तुला जे समजायचं ते समज,” जयंती म्हणाली. “फिरत्यावर मी आज चढणार नाही. स्थिरावर चढू देणार असशील तर चढते. नाही तर घरी जाते.”

खुर्ची करकरली. सहदेव उठून उभे राहिले होते. टोपी त्यांनी हातात धरली होती.

“बाई, चूक तिची नाय,” ते म्हणाले. “माझी आसा. मी तिच्या खांबाक सकाळी एरंडेल चोपडलंय. पूजा म्हणून. ती आपटली. अंगाचा तेल अजून जाता नाय. माझा नाव सांगूचा नाय म्हणून ती असा बोलता.”

धवलने हसण्यासाठी तोंड उघडले आणि म्हाताऱ्याचा चेहरा पाहून ते तसेच मिटले.

दिशा उठली. तिने जयंतीचा दंड धरून त्यावरून अंगठा फिरवला, मग अंगठा उजेडात धरून पाहिला. “हे अंगावर घेऊन फिरत्यावर चढली असतीस तर समोरच्या आरशात गेली असतीस.”

“माहीत आहे.”

“आणि मी नाही म्हटलं असतं तर?”

“तर घरी गेले असते. सांगितलं ना.”

दिशाने खाली वाकून स्क्रू आवळला आणि संगीत लावले.

जयंतीने दोन पावले टाकून झोका घेतला. एरवी सव्वा फेरीत संपणारा तो झोका त्या दिवशी दोन फेऱ्या चालला, कारण तेलकट तळहात पोलादावरून बिनबोभाट सरकत गेला. तिला स्वतःलाच हसू फुटले. दुसरा झोका, तिसरा झोका. सहदेव खुर्चीच्या कडेवर आले. मग ती वर चढली. चढताना पावलांनी साथ दिली. वरती तिने अंग उलटे केले, उजवी मांडी खांबावर आवळली, आणि आता हात सोडायचे, की जे करण्यासाठी ती वर्गात प्रसिद्ध होती ते साधणार होते.

मांडी बोटभर सरकली.

फक्त बोटभर. खालून कोणास दिसलेही नसते. हात सोडून दोन क्षण राहता आले असते, आणि दोन क्षण पुरे होते. धवलने तीन मिनिटे जे दाखवले होते त्याला तेवढेच उत्तर तिच्यापाशी होते. तिच्या कपाळावरून घाम भुवईत उतरला. ‘सोड, सोड,’ असे तिचे मन म्हणत होते, आणि त्याच मनाचा दुसरा कोपरा ‘उतर’ म्हणत होता. उभ्या आठवड्यात तिला झोप न देणारे तेच ते दोन आवाज होते, आणि या वेळी त्यांचे भांडण ऐकायला अवधी नव्हता.

तिने हात सोडले नाहीत. एक हात खाली, मग दुसरा, मग पाय, अशी ती पायरी पायरीने उतरली आणि जमिनीवर उभी राहिली. संगीताची चाळीस सेकंदे शिल्लक होती. ती तिने खांबाभोवती चालून, एक गुडघा टेकून, एक साधी गिरकी घेऊन भरून काढली. मग संगीत थांबले. तिला वाटले, संपले.

“बस?” धवल न राहवून म्हणाला. “ताई, हात तर सोडलेच नाहीस.”

“नाही सोडले,” जयंती म्हणाली. “मांडी सरकली.”

“मला दिसली नाही,” दिशा म्हणाली.

“मला कळली.”

दिशा आरशापाशी गेली, परत आली. “धवल, डान्स तुझा चांगला. डिसेंबरच्या शोमध्ये पहिला तू, त्यात वाद नाही. पण दहिसरला ज्या बायका येतील ना, त्या जन्मात पहिल्यांदा जमिनीवरून पाय उचलणार. त्यांना वर न्यायला कोणीही चालेल. खाली सुखरूप कोण आणेल, एवढंच मला बघायचं होतं. जयंती, दहिसर तुझं.”

धवलचे तोंड उतरले. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला, दोन पावले दाराकडे गेला, मग फिरून आला आणि म्हणाला, “बेस्ट लक, ताई. पण तेल लावून येऊ नकोस हां रोज.” आणि खाली वाकून त्याने सहदेवांच्या पायांना हात लावला. दसरा होता.

जयंती अद्याप खांबाला धरूनच उभी होती. तिला आनंद झाला होता की नाही, हे तिचे तिलाच कळत नव्हते.

“हॉलमध्ये चार खांब टाकणार आहे,” दिशा म्हणाली. “सांग, किती स्थिर ठेवायचे, किती फिरते? आणि मेसेज करू नकोस. आत्ता सांग.”

“पहिला महिना चारही स्थिर,” जयंती म्हणाली. उत्तर तोंडातून इतक्या तत्परतेने बाहेर पडले की ते कोणी दुसरीने दिले असावे म्हणून तिने मागे वळून पाहिले.

जिना उतरताना सहदेवांनी तिचा हात धरला होता. आधार कोण कोणास देत होता, हे सांगणे कठीण.

“आणि दुसऱ्या म्हयन्यात गो?” त्यांनी विचारले.

“दुसऱ्या महिन्यात दोन फिरते करू,” ती म्हणाली. तीन पायऱ्या झाल्या. “नाही, एकच. आधी एक.” आणखी दोन पायऱ्या. “पण एकच ठेवला तर सगळ्या त्याच्यासाठी भांडतील. आणि काहींना भोवळ आली तर? बाबा, थांबा जरा.”

ती जिन्याच्या मधल्या वळणावर उभी राहिली, फोन काढला, दिशाचे नाव शोधले, आणि अंगठा वर धरून तशीच राहिली. खाली रस्त्यावर कोणाच्या तरी नव्या गाडीपुढे नारळ फुटला. सहदेव एक पायरी खाली उभे राहून वाट पाहत होते.

येथवर जे सज्जन वाचक या कथेसोबत धीराने चालत आले, त्यांचा प्रस्तुत लेखक मनःपूर्वक ऋणी आहे. लिखाणात काही उणे राहिले असल्यास ते माझे समजावे, आणि काही गोड लागले असल्यास ते जयंतीचे.

आपला नम्र,
राजेश अनंत तावडे
जोगेश्वरी (पूर्व)